पैसा कोणाचा, अंगठा कोणाचा



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय ठरवूनच ठेवला होता : ‘ऋतुमान आणि आहार’. होमिओपॅथीची डॉक्टर, त्यातून जैन, म्हणजे बाई आहारावरच बोलणार असा त्यांचा हिशेब असावा. मी म्हटलं, सूर्यास्तापूर्वी जेवा आणि सराफ्यात रात्री अकरा वाजता गराडू खाऊ नका, यापलीकडे मला आहारावर काही सांगायचं नाही. ते दोन मिनिटांत संपेल आणि कोणी ऐकणार नाही. मला दुसऱ्याच एका गोष्टीवर बोलायचं आहे. परदेशातलं एखादं सरकार आपल्याकडच्या एखाद्या संस्थेला पैसा देतं, किंवा आपलं सरकार आपल्या संस्थेच्या हातून परदेशात पैसा खर्च करतं. हा पैसा चालतो कसा, आणि तो ज्याच्यापर्यंत पोचायचा त्याला काय वाटतं? कार्यवाह जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, साहित्याशी याचा संबंध?” संबंध एवढाच की हा सगळा कारभार कागदावर चालतो, आणि कागदावर काय लिहायचं हा प्रश्न आपल्या सभेच्या अखत्यारीतला आहे.

या विषयाचं बीज एका बाईच्या प्रश्नात आहे. वीसएक वर्षांपूर्वी मी आठवड्यातून दोन दुपारी एका लहान संस्थेसाठी इंदूरच्या एका वस्तीत जात असे. नाल्याच्या काठाची वस्ती, निमाड आणि खानदेशातून आलेली माणसं. बायांची बैठक झाली, जुलाबावर मीठ-साखर-पाणी कसं करायचं ते मी सांगितलं, चहा झाला, आणि कोपऱ्यातली एक वयस्क बाई म्हणाली, “दीदी, ये पैसा किसका है?” मला वाटलं चहाचा. तिने हात फिरवून सतरंजी, फळ्यावरची चित्रं, वजनकाटा आणि मला, सगळ्यांना एका घेऱ्यात घेतलं. “ये सब. किसका?”

मला सांगता आलं नाही. ‘संस्थेचा’ म्हटलं. ती म्हणाली, “संस्था तो मोपेड पर आती है.”

त्या दिवसापासून मी शोधत आले. कळलेलं आपल्यापुढे ठेवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत सुरू केली ती सरकारकडून सरकारला. धरण, पोलाद कारखाना, गहू. पण सरकारं वस्तीतल्या गल्लीपर्यंत पोचत नाहीत, हे सरकारांना बरंच लवकर कळलं. जर्मनीने १९६२ मध्ये आपल्या दोन्ही ख्रिस्ती चर्चच्या मदतसंस्थांना सरकारी तिजोरीतून पैसा द्यायला सुरुवात केली. नेदरलँड्सने १९६५ मध्ये तशीच ‘सह-अर्थसाहाय्या’ची योजना काढली, ब्रिटनने १९७५ मध्ये. पद्धत साधारण सारखी. करदात्याचा पैसा सरकारकडे, सरकारकडून त्या देशातल्या मोठ्या संस्थेकडे, तिच्याकडून आपल्या दिल्ली-पुण्याच्या संस्थेकडे, तिच्याकडून जिल्ह्याच्या संस्थेकडे, आणि शेवटी मोपेडवर. प्रत्येक हातात थोडा खर्च राहतो, त्याला मी चोरी म्हणत नाही. पगार, भाडं, हिशेबनीस यांना पैसा लागतोच. पण प्रत्येक हातागणिक एक अहवालही वाढतो, आणि ते अहवाल सगळे वरच्या दिशेने जातात. खाली कोणी अहवाल देत नाही. त्या बाईचा प्रश्न हा खरं तर तेवढाच होता.

आमच्याकडे दानाचे चार प्रकार सांगतात : आहार, औषध, शास्त्र आणि अभय. माझी आई पर्युषणात पाकिटावर नाव न घालता पैसे ठेवून यायची. गुप्तदान. लहानपणी मला वाटायचं, सगळं दान असंच असावं. आता तसं वाटत नाही. आईने दिलं ते आईचं होतं. सरकार देतं ते सरकारचं नसतं. रॉटरडॅमच्या कुठल्या तरी शिक्षिकेच्या पगारातून कापलेलं असतं, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून ते गुप्त ठेवता येत नाही, त्याचा हिशेब द्यावाच लागतो. खाली नाव छापण्याची हौस वेगळी आणि हिशेब वेगळा, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

आपण इंदूरचे. आपल्याला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. अहिल्याबाईंनी काशीला, गयेला, सोमनाथला, रामेश्वरला, हरिद्वारला मंदिरं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. यातलं बहुतेक होळकरांच्या राज्याच्या बाहेरचं. म्हणजे एका राज्याचा पैसा दुसऱ्याच्या मुलखात, तिथल्याच पुजाऱ्यांच्या आणि कारभाऱ्यांच्या हातून खर्च झाला. तो पैसा दौलतीचा नव्हता, खासगीचा होता, आणि दौलत व खासगी यांचे हिशेब वेगळे ठेवलेले होते. शाळेत आपण अहिल्याबाईंच्या दानशूरपणाचे धडे वाचतो. त्यांच्या वह्यांचा धडा आपल्याला कोणी दिला नाही. त्या मालमत्तांची पुढची गोष्ट तर आपण वर्तमानपत्रात वाचलेली आहे. खासगी ट्रस्टच्या मालमत्तांचा वाद इंदूरच्या उच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. अडीचशे वर्षांपूर्वी दिलेल्या दानाची देखरेख कोण करतो, हा प्रश्न दान देणारी गेल्यावरही संपत नाही.

आता आपल्याच गावातला अलीकडचा पैसा. १९९० च्या आगेमागे ब्रिटिश सरकारच्या ओ.डी.ए. या खात्याच्या मदतीने इंदूरच्या गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेचं मोठं काम सुरू झालं. इंदूर विकास प्राधिकरणाने ते केलं, कल्पना हिमांशु पारीख या अभियंत्याची. कल्पना सुंदर होती. वस्त्या असतात त्या नाल्याकाठी, म्हणजे शहराच्या सगळ्यात सखल भागात. मग शहराचं सांडपाणी उताराने जायचं तर त्यांच्यातूनच जाणार. तेव्हा वस्त्यांना शहराच्या जाळ्यातली मुख्य वाट समजा, तिथूनच नळ्या टाका, घरागणिक संडास द्या, म्हणजे वस्ती सुधारेल, खान आणि सरस्वती या नद्याही सुधारतील. १९९८ मध्ये या कामाला आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला. इंदूरचं नाव जगभर गेलं.

आणि त्याच कामावर गीता दिवाण वर्मा या नियोजनकार बाईंनी कडक टीका केली. त्यांचं ‘स्लमिंग इंडिया’ हे पुस्तक २००२ मध्ये आलं. नळ्या टाकल्या, पण पुरेशी घरं जोडलीच गेली नाहीत, पाणीच कमी, तर नळ्या वाहणार कशा, त्या तुंबल्या, आणि पुरस्कार कागदावरच्या कामाला मिळाला, असं त्यांचं म्हणणं. मी अभियंता नाही. एवढंच सांगते की त्या काळात माझ्या दवाखान्यात नाल्याकाठच्या वस्तीतली आई मूल घेऊन आली की पहिला प्रश्न मी ‘शौच कसं होतं’ हा न विचारता ‘नळ कधी येतो’ हा विचारत असे. उत्तर ‘एक दिवसाआड’ असलं की पुढचं मला कळायचं. रस्ते मात्र खरोखर झाले होते, आणि चिखल गेला हे कमी नव्हतं. पाऊस पडला की साप घरात येई त्या गल्लीत सिमेंट झालं याचा आनंद पाहिलेला आहे. तेव्हा ‘सगळं फोल’ म्हणणारे आणि ‘सगळं आदर्श’ म्हणणारे दोघेही त्या गल्लीत पावसाळ्यात आले नसावेत, असं माझं मत आहे.

यात संस्थांना जागा होती ती शेपटाला. काम अभियंत्यांचं, लोकांना समजावून सांगायला, बालवाडी चालवायला संस्था. मोहल्ला समित्या झाल्या, समाजमंदिरं झाली. बांधकाम संपल्यावर समजावून सांगणाऱ्यांचे पैसेही संपले. हे मला उलटं वाटतं. नळी टाकायला दोन वर्षं लागतात, ती घराला जोडून घ्यायचा विश्वास बसायला पाच. आणि निधीचं वेळापत्रक नेहमी नळीचं असतं.

दुसरा प्रयोग २००३ च्या सुमाराला आला. या वेळी अमेरिकी सरकारच्या यूएसएडचा पैसा, आणि काम वस्त्यांतल्या माता-बालकांच्या आरोग्याचं. इथे स्थानिक संस्था शेपटाला नव्हत्या, मध्यभागी होत्या. त्यांत आपल्या शालिनीताई मोघ्यांनी उभी केलेली बाल निकेतन संघ होती, भारतीय ग्रामीण महिला संघ होता. शालिनीताई या सभागृहात अनेकांना शिक्षिका म्हणून लाभल्या, त्यांच्याबद्दल मी काय सांगणार! प्रयोगाचा गाभा असा की संस्थेने स्वतः सेवा द्यायची नाही. वस्तीतल्या दहा-पंधरा बायांचा गट बांधायचा आणि त्या गटाने नर्सबाईला, नगरपालिकेला, अंगणवाडीला हाक मारायची. लसीच्या दिवशी कोणाचं मूल राहिलं ते गटाला ठाऊक असतं, डॉक्टरला नसतं. पुढे २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शहरी आरोग्य मिशन सुरू केलं. त्यात ‘महिला आरोग्य समिती’ नावाची जी रचना आहे, पन्नास ते शंभर घरांमागे एक, तिच्यामागे देशातल्या अशा प्रयोगांचा अनुभव आहे आणि त्यात इंदूरचाही आहे. आपल्या शहराची ही कामगिरी स्वच्छतेच्या पहिल्या नंबराइतकी मिरवली जात नाही, कारण तिचा फोटो निघत नाही.

आता माझी गोष्ट. ती वर सांगितलेल्या कुठल्याही कामातली नव्हे. मी जात होते त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही, आणि तिला पैसा देणाऱ्यांचंही नाही. संस्था वाईट नव्हती. चार मुली, एक हिशेबनीस, एक खोली.

प्रकल्पात महिन्याला चार बैठका आणि प्रत्येक बैठकीला पंचवीस बाया, असं ठरलेलं होतं. ठरवलं कोणी? कागदाच्या वरच्या टोकाला बसलेल्या कोणी तरी. पंचवीस हा आकडा गोल आहे. प्रत्यक्षात अकरा येत. लग्नसराईत पाच. हजेरीपत्रकावर सही किंवा अंगठा, आणि खाली ‘तज्ज्ञ’ म्हणून माझी सही. पहिले काही महिने मी वर न बघता सही केली. घाई असायची, संध्याकाळचा दवाखाना उघडायचा असायचा. एकदा नजर गेली. पंचवीस अंगठे होते. खोलीत बाया होत्या अकरा. संस्थेतल्या मुलीने शाईच्या पेटीवर आपलीच वेगवेगळी बोटं दाबून पान भरलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी सही केली.

हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे. आणि एकदा नाही, पुढचे सात-आठ महिने मी सही करत राहिले. मनाची समजूत अशी घातली, की मुलं तर वजनाला येतात, लस तर टोचली जाते, एका आकड्यासाठी काम कशाला अडवा. होमिओपॅथीत आम्ही रोग्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेतो, त्यात एक शब्द बदलला तरी औषध चुकतं, असं शिकवतात. तिथे मी हजेरी बदलत होते.

मग एक दिवस पाहुणे आले. वरचे, पण अगदी वरचे नव्हेत, दिल्लीचे असावेत. त्यांनी पत्रक उघडून कौतुकाने नावं वाचायला सुरुवात केली. तीच वयस्क बाई, मोपेडवाली, तिचं नाव आलं. ती सरळ म्हणाली, “उस दिन तो मैं एम.वाय. में थी. पोता भरती था.” खोलीत कोणी बोललं नाही. पाहुण्यांनी पान उलटलं. त्यांनाही पंचवीसच हवे होते, हे मला त्या पान उलटण्यावरून कळलं. जाताना त्यांनी ‘उत्तम सहभाग’ असा शेरा लिहिला.

पुढच्या बैठकीला मी ‘अकरा’ लिहून सही केली. हिशेबनीस काका घरी आले. चिडले नाहीत, म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपली एक सही खरी झाली की चार मुलींचा पगार अडकतो.” तसंच झालं. वरून स्पष्टीकरण मागवलं, हप्ता चार महिने थांबला, आणि अंगठे उठवणारी ती मुलगी काम सोडून गेली. तिच्या पगारावर तिचं घर चालायचं. ती मला अजून राजवाड्यावर दिसते, बोलते, पण आता ‘डॉक्टर दीदी’ म्हणत नाही, ‘मॅडम’ म्हणते. मी बरोबर केलं का? सही करणं चूक होतं यात मला शंका नाही. पण ज्याने पंचवीस लिहिलं त्याचं काहीच गेलं नाही आणि जिने बोट दाबलं तिची नोकरी गेली, हे जमाखर्चात कुठे मांडायचं ते मला आजही कळत नाही.

याउलट एक काम आपल्या महाराष्ट्रातलं सांगते. अहमदनगर जिल्ह्यात हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट पाद्री अनेक वर्षं दुष्काळी गावांत काम करत होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९९२ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा पैसा केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत नाबार्डकडे आणि तिथून गावाकडे. गावाच्या पाणलोट समितीचं आणि संस्थेचं संयुक्त खातं. लोकांना तयार करायला ‘वॉटर’ ही संस्था १९९३ मध्ये निघाली. इथपर्यंत साखळी तीच. पण अटी बघा. आधी गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करायची. अकुशल मजुरीच्या खर्चाचा जवळजवळ सहावा हिस्सा श्रमदानातून भरायचा; भूमिहीनांना त्यातून सूट. आणि आधी गावाने लहानसा तुकडा स्वतः करून दाखवायचा, तो जमला तरच पुढचा मोठा पैसा. शेतागणिक नियोजन, नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून : इथे बांध, इथे झाड, चालेल का? संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं गाजलेलं गाव, टँकरवर जगणारं.

दोष यातही होता. चराईबंदीचा भार सगळ्यात आधी पडतो तो ज्याला जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत त्याच्यावर. आणि वाढलेलं पाणी जातं जमीनवाल्याच्या विहिरीत. श्रमदानाची सूट दिली म्हणजे हा हिशेब फिटतो असं नाही. पण एक गोष्ट इथे वेगळी होती. संयुक्त खात्यामुळे गावाला रक्कम माहीत होती. कोणाचा पैसा, किती, कशासाठी, हे चावडीवर ठाऊक होतं. त्यामुळे भांडणं झाली, आणि भांडण हा चांगला हिशेब असतो. याच नमुन्यावर पुढे नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला, दोनशे कोटींचा, निम्मा केंद्र सरकारचा आणि निम्मा नाबार्डचा. म्हणजे जर्मन पैसा गेला तरी रीत राहिली, आणि ती आपल्या पैशावर चालली.

पैसा जातोच. त्याची सवय ठेवलेली बरी. २००३ मध्ये आपल्या सरकारनेच लहान देशांना सांगितलं की सरकारला तुमची मदत नको, द्यायची तर संस्थांना द्या. स्वाभिमानाची गोष्ट होती, मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर केलं की भारताला आर्थिक अनुदान २०१५ नंतर नाही. मध्य प्रदेश हे त्यांचं खास राज्य होतं. ‘पॅक्स’ नावाच्या त्यांच्या कार्यक्रमातून २००१ पासून अतिमागास जिल्ह्यांतल्या संस्थांना पैसा येत होता. इकडे आपला परकीय योगदानाचा कायदा, १९७६ चा, मग २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापनखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, सगळ्यांचं पहिलं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका शाखेत आलं, आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. हिशेब कडक हवा, हे मी मघाशी माझ्याच तोंडाने सांगितलं. पण या शेवटच्या कलमाने साखळीचं मोपेडचं टोकच तुटलं. ज्यांना दिल्लीचा सनदी लेखापाल परवडतो त्या टिकल्या. बोटं उठवणं याने थांबलं असेल असं मला वाटत नाही. ते आता संगणकावर होत असेल.

आणि २०२५ सालचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारीत अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये यूएसएडचे त्र्याऐंशी टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं, १ जुलैला ते खातंच मिटलं. हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथे तृतीयपंथीयांसाठी ‘मित्र’ नावाचे दवाखाने त्याच पैशावर चालत होते, ते अडले. पुण्याच्या दवाखान्यात औषध घेणाऱ्या माणसाला वॉशिंग्टनच्या कुठल्या सहीमुळे आपला डॉक्टर गेला हे कळायला काय मार्ग? माझ्या दवाखान्याला कुलूप लागलं तर रोगी माझ्या घरी येऊन भांडेल. माझं घर त्याला माहीत आहे.

आता उलटी बाजू, कारण आपण आता फक्त घेणारे राहिलेलो नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात जानेवारी २०१२ पासून विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आयटेक ही प्रशिक्षणाची योजना तर १९६४ पासूनची. त्यातलं बहुतेक सरकारी. पण काही कामं आपल्या संस्थांच्या हातून होतात. जयपूर फूट आपल्याला माहीत आहे : रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमाराला घडवलेला पाय, अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल असा. महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या वेळी, १९७५ मध्ये, देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. या समितीबरोबर परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, ‘इंडिया फॉर ह्युमॅनिटी’ हा उपक्रम सुरू केला. मलावीत, इराकमध्ये शिबिरं झाली. पैसा आपल्या करातला, हात जयपूरच्या कारागिरांचे. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या आज्या सहा महिने राहून सौर दिवे जोडायला शिकल्या, भाषा न येता, रंग आणि खुणांवर. त्यांचा खर्च आयटेकमधून. अहमदाबादच्या ‘सेवा’ने भारत सरकारच्या पैशावर काबूलच्या बाग-ए-जनाना या बायकांच्या बागेत विधवांना शिवण आणि रोपवाटिका शिकवली.

हे वाचताना मला अभिमान वाटतो. आणि लगेच ती मोपेडवाली बाई आठवते. काबूलच्या बागेत एखादीने शिवणयंत्राकडे हात करून विचारलं असेलच, हे कोणाचं? आपल्या बाईने काय उत्तर दिलं असेल? ऑगस्ट २०२१ मध्ये तिथलं राज्य बदललं, डिसेंबर २०२२ मध्ये अफगाण बायकांना संस्थांत काम करायलाच बंदी झाली. देणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर आपल्याला कळतं की शिकवलेलं हातात राहतं असं आपण म्हणतो, पण हात बाहेर काढायची मुभा राहिली तर. जयपूर फूटच्या बाबतीत निदान पाय तरी माणसाबरोबर घरी जातो. पण तो झिजतो, तीन-चार वर्षांनी दुसरा लागतो, आणि शिबिर तोवर दुसऱ्या देशात गेलेलं असतं. जिथे तिथल्याच तरुणांना पाय बनवायला शिकवून केंद्र मागे ठेवलं जातं, ती मदत मला पाचपट मोलाची वाटते, मग फोटोत पाय कमी का दिसेनात. मी आपल्या खासदारांना विचारायचं ठरवलं तर हाच प्रश्न विचारीन : किती पाय बसवले हे नको, किती ठिकाणी आता आपली गरज उरलेली नाही ते सांगा. आपण करदाते आहोत. रॉटरडॅमच्या त्या शिक्षिकेच्या जागी आता आपण बसलो आहोत.

शेवटचं, त्या वस्तीबद्दल. संस्था कधीच बंद झाली, खोलीत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ती वयस्क बाई गेली. जाण्याआधी एकदा मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. कुठला देश, कुठलं सरकार, कुठली मोठी संस्था, एकेक टप्पा सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इतनी दूर से आता है, तो थक जाता होगा.”

अकरांपैकी सात जणी अजून भेटतात. आता त्या सरकारी महिला आरोग्य समितीत आहेत. समितीला वर्षाला पाच हजार रुपयांचा मुक्त निधी मिळतो. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा त्यातल्या चारशे रुपयांवर कडाक्याचं भांडण चाललं होतं : पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तोटी बसवायची की एका बाळंतिणीला रिक्षाने नेलं त्याचे पैसे द्यायचे. वही सतरंजीवर उघडी होती आणि सगळ्यांना दिसत होती. माझ्यासमोर त्यांनी आवाज कमी केला नाही. मी चहा घेतला, कुठे सही करायची नव्हती, आणि संध्याकाळचा दवाखाना उघडायला घरी आले.